उसनं नाक

दुकान एवढंसं. पूर्वी तिथे चपलांचं दुकान होतं, ते बसलं, म्हणून मालकीणबाईंना जागा मिळाली. आत शिरलं की उजवीकडे सॉसच्या बाटल्या, डावीकडे नूडल्सची पाकिटं आणि मधून एकच माणूस धड चालेल एवढी वाट. समोरून दुसरा आला तर एकाने पोट आत घ्यायचं, असा न बोललेला करार. पुढे वाळवलेल्या अळंब्यांच्या बरण्या, समुद्री शेवाळाच्या काळ्या पातळ पापड्या, तिळाच्या तेलाचे डबे, आणि सगळ्यात मागे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याची लाकडी पिंपं. आशियाच्या पूर्वेकडे जे जे मुरवतात, आंबवतात, वाळवतात, ते ते या बोळात येऊन पडलं होतं. पिंपांच्या पलीकडे, फ्रीजरजवळ, थोडी मोकळी जागा होती. एक रविवार सोडून एक रविवार तिथे दोन शेगड्या मांडल्या जायच्या, कुठला तरी पाहुणा आचारी यायचा, आणि दुपारभर त्याच्या हातचं लोक उभ्याउभ्या खायचे. मालकीणबाई त्याला पॉप-अप म्हणायच्या. रिटायर झालेले एक मास्तर न चुकता यायचे, ते त्याला पंगत म्हणायचे, आणि पंगतीत बसायला मिळत नाही म्हणून दरवेळी तोच विनोद करायचे.

पण लोक खरे यायचे ते नाकवाल्यांसाठी.

नाकवाले म्हणजे दुकानासाठी माल पारखून घेणारे गृहस्थ. कुठलं पिंप ठेवायचं आणि कुठलं परत पाठवायचं, हे ते नुसतं झाकण उचलून सांगत. पॉप-अपच्या दिवशी पहिला चमचा त्यांचा. आचारी चमचा पुढे करी, नाकवाले डोळे मिटून वास घेत, घोट जिभेवर घोळवत आणि बोलायला लागत. लगदा किती मुरलाय, तेल तापल्यावर पडलंय की आधीच, व्हिनेगर तांदळाचं आहे की नुसतंच तसं म्हणतायत. निम्मी माणसं मान डोलवत, निम्मी तीच बाटली उचलून गल्ल्याकडे जात. मालकीणबाईंना ही दुसरी निम्मी आवडायची, आणि तिच्याच जोरावर नाकवाल्यांची नोकरी चालली होती.

तर या नाकाला, आणि जिभेलाही, गेल्या वर्षीच्या तापापासून ढिम्म काही कळत नव्हतं. कापूर नाही, गॅस नाही, कुजकं नाही आणि ताजं नाही. हे जगात दोघांना ठाऊक होतं. एक स्वतः नाकवाले, दुसरी त्यांची बायको.

ती हॉस्पिटलच्या धुलाईघरात कामाला. दिवसभर वाफ, इस्त्री आणि चादरींच्या घड्या. ताप उतरल्यावर नवरा जेवणाच्या ताटासमोर लहान मुलासारखा रडला, तेव्हा तिने पटकन म्हणून टाकलं होतं, "अहो, रडता काय? माझं नाक आहे की." बोलून गेली आणि मग खरंच तसं करून दाखवायची वेळ आली. पॉप-अपच्या दिवशी ती गिऱ्हाईक म्हणून यायची. मालकीणबाईंनी नाकवाल्यांची बायको कधी पाहिलेली नव्हती, त्यामुळे ते सोपं गेलं. ती रांगेत पुढे राहायची, चाखायला ठेवलेल्या वाट्यांतलं चाखायची, आणि मग खुणा करायची. पिशवी डाव्या खांद्यावर म्हणजे मीठ कमी, उजव्या खांद्यावर म्हणजे जास्त. रुमाल ओठांना म्हणजे आंबट पुढे आलंय. पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरली की सगळं छान, आता खुशाल बोला. आणि चष्मा काढला की माल खराब, ताबडतोब थांबवा. बाकीचं भाषण नाकवाल्यांचं स्वतःचं. इतकी वर्षं नाकाने कमावलेलं सगळं तोंडात होतं, त्याला फक्त दिशा लागायची.

यात तिला सुख होतं, हे सांगायला हवं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण गर्दीत नवऱ्याने तिला कधी शोधलं नव्हतं. लग्नकार्यात, बाजारात, बसमध्ये, ते आपले पुढे आणि ही मागे. आता मात्र पहिला चमचा तोंडात गेला की त्यांचे डोळे उघडत आणि चाळीस डोक्यांमधून नेमके तिच्यावर येऊन थांबत. तेवढ्या क्षणासाठी ती चांगली साडी नेसून जायची. घरी आल्यावर ते म्हणायचे, "आज जमलं," आणि ती म्हणायची, "तुम्ही बोललातच छान." त्यांच्या संसारात एवढा गोड संवाद त्याआधी झाल्याचं तिला आठवत नव्हतं.

आणि मग तिचंच नाक गेलं.

कळलं तेही धुलाईघरात. ब्लीचचा कॅन फुटला, सगळ्या बायका तोंडाला पदर लावून बाहेर पळाल्या, आणि ही आपली गाणं गुणगुणत चादरीची टोकं जुळवत बसली. मुकादमीण आत येऊन ओरडली, "अगं, मरायचंय का तुला?" मग एकेक लक्षात आलं. चहाची चव गेली होती. दूध करपलं तरी धूर दिसेपर्यंत कळत नव्हतं. सकाळी उठलं की कपाळ आतून कोणी दाबून धरल्यासारखं दुखायचं. हॉस्पिटलमध्येच कामाला असल्यामुळे ओळखीच्या नर्सने डॉक्टरांना दाखवलं, डॉक्टरांनी डोक्याचा फोटो काढायला लावला, आणि तो दिव्यासमोर धरून पेन टेकवलं. कपाळाच्या मागे गाठ होती. वाढत होती. कवटी उघडून काढायला हवी, लवकर. "घरचं माणूस घेऊन या, सही लागेल," ते म्हणाले. "येताना मिस्टरांना आणा."

तिने फक्त थोरल्या बहिणीला फोन केला. ताई आधी रडली, मग चिडली.

"त्यांना सांगितलंस?"

"नाही अजून. रविवारी पॉप-अप आहे."

"खड्ड्यात गेला तुझा पॉप-अप! डोक्यात गाठ आहे तुझ्या. आजच्या आज सांग. घाबरतेस कशाला? नवरा आहे तुझा."

"म्हणूनच," ती म्हणाली.

ताईला ते कळलं नाही, आणि फोनवर समजावून सांगण्यासारखंही ते नव्हतं. तिला गाठीची भीती होतीच. हॉस्पिटलच्या चादरी घडी करणाऱ्या बाईला काय काय होतं ते ठाऊक असतं. पण त्याहून मोठी भीती वेगळी होती. आपण सांगू, आणि ऐकल्यावर त्यांच्या तोंडातून पहिला प्रश्न कुठला येईल? तो प्रश्न आपल्याबद्दलचा असेल की नाकाबद्दलचा? इतक्या वर्षांनी हे कळून घ्यायचं आणि मग टेबलावर जाऊन झोपायचं, याचं धाडस होत नव्हतं. रविवार पार पडू दे, मग सांगू, असं तिने ठरवलं. मागचा पॉप-अपही तिने असाच ठरवून पार पाडला होता.

पार कसला पाडला होता! तेव्हा एका पिंपाचा लगदा चाखायला दिला, तिला काहीच कळलं नाही, घाबरून तिने चष्मा काढला. नाकवाल्यांनी भर दुकानात पिंप परत पाठवायला सांगितलं. मालकीणबाईंनी बोट बुडवून चाटलं, पुन्हा चाटलं, आणि म्हणाल्या, "नाकवाले, वय झालं का हो?" लगदा उत्तम होता. घरी आल्यावर नाकवाल्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं. बोलले ते एवढंच, "मला तोंडावर पाडलंस." असं का झालं, तुला बरं नाही का, हे काही त्यांनी विचारलं नाही. तिने ते मनात नोंदवलं आणि पुढच्या वेळी चष्म्याला हात लावायचा नाही अशी शपथच घेतली.

या वेळेसाठी तिने नवी युक्ती काढली होती. दुसऱ्यांच्या तोंडाकडे बघायचं. मास्तर उपयोगाचे नव्हते, ते मीठ नसलेल्या भातालाही वा म्हणायचे. पण बँकेतल्या एक बाई होत्या. त्यांना आयुष्यात काही आवडलेलं कोणी पाहिलं नव्हतं. हे खारट, ते शिळं, त्याला वास येतो, त्याच्यात केस आहे. त्यांच्या शेजारी उभं राहिलं की आपोआप कळेल. त्या नाक मुरडतात तेव्हा जरा वाईट, आणि गप्प बसतात तेव्हा उत्तम.

त्या रविवारी दुकान फुलून गेलं होतं. पाहुणा आचारी लांबून आला होता, नम्र माणूस, बोलताना सारखा कमरेत वाकायचा. सोयाबीनच्या लगद्यात शिंपल्यांचं सार करणार होता. शिंपले पहाटे बर्फात घालून निघाले होते, पण वाटेत गाडी बंद पडली आणि बर्फाचं पाणी झालं, असं तो येणाऱ्या प्रत्येकाला सांगून माफी मागत होता. ती मास्तरांच्या पुढे आणि बँकेतल्या बाईंच्या शेजारी जाऊन उभी राहिली. कपाळ ठणकत होतं. शेगडीच्या निळ्या ज्योतीच्या कडा तिला जरा फाटल्यासारख्या दिसत होत्या.

थोड्या वेळाने नाकवाले आतून स्टीलच्या भांड्यात कच्चे शिंपले घेऊन बाहेर आले. एरवी असं करत नसत. आतमध्ये आचाऱ्याने त्यांना बाजूला घेऊन विचारलं होतं, वास मला थोडा वेगळा वाटतोय, तुम्ही म्हणाल तसं करू. हे तिला नंतर कळलं. त्या वेळी तिला एवढंच दिसलं की नवरा भांडं घेऊन थेट तिच्यासमोर आलाय.

"बघा बाई, असा माल बघायला मिळत नाही," ते परक्या माणसाशी बोलावं तसं म्हणाले, आणि भांडं तिच्या नाकाखाली धरलं.

तिने वाकून श्वास घेतला. पत्र्याच्या डब्यात तोंड घातल्यासारखं. काही नाही. शिंपले बंद होते की उघडे? काही बंद, काही जरासे उघडे. याचा अर्थ काय ते तिला ठाऊक नव्हतं, तिचं ज्ञान सगळं नाकाचं होतं. तिने पुन्हा श्वास घेतला. नवऱ्याचे डोळे तिच्या चष्म्यावर खिळले होते. तिला मागचा पॉप-अप आठवला, तो अबोला आठवला. तिने तिरक्या नजरेने शेजारी पाहिलं. बँकेतल्या बाईही भांड्यावर वाकल्या होत्या, आणि त्यांनी वर मान केली. चेहऱ्यावर काही नाही. आणि तोंडातून चकार शब्द नाही.

तिने पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरली.

नाकवाल्यांचे खांदे खाली आले. ते आत गेले आणि आचाऱ्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "होऊ द्या."

सार उकळायला लागलं. वाफ पसरली तशी दुकानातली बडबड हळूहळू कमी झाली. तिला वाटलं, सगळ्यांच्या तोंडाला पाणी सुटलंय. नाकवाल्यांनी पहिला चमचा घेतला, रस तेवढा ओठांना लावला, डोळे मिटले आणि सुरुवात केली. समुद्र कसा असतो, खरा समुद्र, बाटलीतला नव्हे. त्याला एक उग्रपणा असतो. शहरातली नाकं त्याला बिचकतात, कारण शहरातल्या नाकांना साबणाची सवय. ज्याला कळतं तो ओळखतो. इतकं रंगून ते बऱ्याच दिवसांत बोलले नव्हते. मधूनच ते तिच्याकडे बघत होते, आणि ती पिशवी पोटाशी घट्ट धरून उभी होती.

वाट्या फिरल्या. लोकांनी तोंडाजवळ नेल्या आणि एकमेकांकडे पाहिलं. मास्तरांनी वाटी वर केली, खाली केली, पुन्हा वर केली.

"काय मास्तर," नाकवाले म्हणाले, "आयुष्यभर पोरांचे कान पिळलेत, आता जरा स्वतःच्या नाकाला शिस्त लावा!"

सगळे हसले. मास्तरही हसले. लाजल्यासारखे हसले आणि एका दमात वाटी रिकामी केली, तळातले शिंपलेसुद्धा काढून खाल्ले. "पंगत म्हणजे पंगत," म्हणाले, आणि दुसरी वाटी घेतली. ते बघून बाकीच्यांनीही खाल्लं. बँकेतल्या बाईंनी आपली वाटी नूडल्सच्या मागे सरकवून ठेवली. तिने ते पाहिलं. तिने वाटीकडे बघितलं, बाईंकडे बघितलं. बोलायला तोंड उघडलं, पण आता बोलायचं काय आणि कोणाला?

पहिली उलटी एका कॉलेजातल्या मुलीला झाली, दाराशी. तिचं तिलाच हसू येत होतं, सॉरी सॉरी म्हणत होती. मग तिच्याबरोबरच्या मुलाला झाली, आणि मग कोणी हसलं नाही. त्या अरुंद वाटेतून एकदम सगळ्यांना बाहेर जायचं होतं. बाटल्या पडल्या, सॉस पायाखाली आला, लोक घसरायला लागले. मास्तर पिंपांपाशी गुडघ्यावर बसले होते. त्यांचा चेहरा घामाने निथळत होता आणि ओठ जांभळे पडत होते. तिने त्यांचं डोकं धरलं. ते तिला म्हणाले, "काही नाही, काही नाही, जरा जास्तच खाल्लं," आणि त्यांनी तिच्या मांडीवर मान टाकली. ॲम्ब्युलन्सवाल्यांनी त्यांना उचलून बाहेर नेलं तेव्हा एक हात स्ट्रेचरबाहेर लोंबत होता आणि कोणी तो आत घेतला नाही.

दुकान रिकामं झालं. उरल्या मालकीणबाई, आचारी, नाकवाले, बँकेतल्या बाई आणि ती. मालकीणबाई पातेल्यापाशी गेल्या, झाकण उचललं आणि तोंड फिरवून लगेच खाली ठेवलं.

"हे कुणी पास केलं?"

आचारी कमरेत वाकला. "मला शंका होती. मी यांना विचारलं. हे म्हणाले होऊ द्या, तर मला वाटलं मीच चुकतोय."

"मलाही वास आला होता," बँकेतल्या बाई म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचा आवाज इतका लहान झाला असेल. "पण हे स्वतः भांडं घेऊन उभे. म्हटलं, यांच्यापुढे आपण काय नाक मुरडायचं?"

ती भिंतीला टेकून ऐकत होती. आचारी नाकवाल्यांच्या भरवशावर, बाई नाकवाल्यांच्या भरवशावर, नाकवाले तिच्या भरवशावर आणि ती बाईंच्या गप्प बसण्याच्या भरवशावर. सगळे एकमेकांना टेकून उभे होते आणि पाय कोणाचेच जमिनीवर नव्हते. त्यात मास्तर पडले. आपण चष्मा काढला असता तर फार तर एक अबोला पदरात पडला असता.

तेवढ्यात नाकवाले सगळं विसरून तिच्याकडे वळले आणि ओरडले, "अगं, चष्मा का नाही काढलास?"

मालकीणबाईंनी तिच्याकडे पाहिलं. साडी, पिशवी, चष्मा, सगळं नीट पाहिलं.

"या कोण?"

"गिऱ्हाईक आहेत," नाकवाले म्हणाले.

"गिऱ्हाइकाला कोणी अगं म्हणतं का?"

मालकीणबाई मुकाट्याने शेल्फपाशी गेल्या, दोन बाटल्या उघडल्या आणि त्यांची टोपणं हातात घेऊन आल्या. एक व्हिनेगरचं, एक माशांच्या रसाचं. त्या दोन वासांत कोणाचीही गल्लत व्हायची नाही.

"डोळे मिटा," त्या म्हणाल्या.

नाकवाल्यांनी डोळे मिटले. मालकीणबाईंनी पहिलं टोपण त्यांच्या नाकाशी धरलं. ते खूप वेळ श्वास घेत राहिले. घेता घेता त्यांनी पापण्या जरा किलकिल्या केल्या आणि त्यांची नजर तिला शोधत आली. तिला खूण करता आली असती. टोपण लाल होतं, म्हणजे माशांच्या रसाचं, तिला लांबूनही ते दिसत होतं. पण तिने पिशवी जमिनीवर ठेवली.

"व्हिनेगर," नाकवाले म्हणाले.

मालकीणबाईंनी दुसरं टोपण धरलंच नाही. "किल्ल्या गल्ल्यावर ठेवा," एवढंच म्हणाल्या. "आणि जा. पोलीस विचारायला आले तर पत्ता देईन मी. मास्तरांचं काही बरंवाईट झालं तर बघून घ्या."

बोळाच्या तोंडाशी बसस्टॉप होता. ऊन अजून चांगलं तापलेलं होतं. दोघं बाकावर बसली, मध्ये पिशवी ठेवून. एक बस आली आणि गेली. नाकवाल्यांचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला होता, आणि ते सारखे कोरडे आवंढे गिळत होते.

"मुद्दाम केलंस?" शेवटी ते म्हणाले. "मागे बोललो नाही म्हणून सूड उगवलास?"

"अहो, काय बोलता!"

"मग का? नाकाखाली धरलं होतं तुझ्या! गटारासारखा वास येत होता म्हणे. सगळ्यांना आला. तुला नाही आला?"

"नाही आला," ती म्हणाली.

ती पुढे बोलत गेली. एकदा सुरुवात केल्यावर सोपं गेलं, घडी उलगडल्यासारखं. ब्लीच, करपलेलं दूध, सकाळची डोकेदुखी. डॉक्टर, दिव्यासमोर धरलेला फोटो, पेनाचं टोक. गाठ आहे, कपाळाच्या मागे. वाढतेय. डोकं उघडायला लागणार. उद्या सकाळी बोलावलंय, घरच्या माणसाची सही लागते. सगळं सांगून ती थांबली. हात मांडीवर ठेवले आणि वाट पाहायला लागली. आता ते बोलतील. काय बोलतील ते बोलू देत, पण आता बोलतील.

"म्हणजे मागच्या वेळी तू नुसता अंदाज केलास?" नाकवाले म्हणाले.

"हो."

"आणि त्याच्या आधी? ते तांदळाच्या व्हिनेगरचं? लोक टाळ्या वाजवत होते."

"तेव्हा येत होता थोडाथोडा."

"थोडाथोडा," ते स्वतःशीच म्हणाले. मग त्यांनी तिच्याकडे वळून तिचा हात धरला, दोन्ही हातांनी धरला. आपण उगीचच घाबरलो, किती वाईट विचार केला या माणसाबद्दल, असं तिच्या मनात आलं.

"ऑपरेशन झालं की तुझं नाक पहिल्यासारखं होईल ना?" त्यांनी विचारलं. "डॉक्टरांना विचारलंस? दुसरी दुकानं आहेत. मला ओळखतात लोक. वेळ लागला तर लागू दे, आपण थांबू."

तिने त्यांच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर कपट नव्हतं. खरोखरीची आशा होती, आजारी पोराच्या अंथरुणाशी बसलेल्या माणसाची असते तशी. त्यांना तिचा राग आला नव्हता, आणि कीवही आली नव्हती. तिला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, आणि त्याच वेळी आत काहीतरी एकदम सैल पडलं. ज्याची इतके दिवस भीती बाळगली ते होऊन गेलं होतं.

"नाही," ती म्हणाली. "ती नस गाठीतच अडकलीय. गाठीबरोबर जाणार. वास परत येणार नाही, असं स्पष्ट सांगितलंय त्यांनी."

नाकवाल्यांनी तिचा हात सोडला. दोन्ही तळहात तोंडावर घेतले आणि ते रडायला लागले. स्टॉपवरच्या माणसांनी माना वळवल्या. तिने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. तो हात सवयीने गेला, आणि सवयीनेच वरखाली फिरत राहिला. पलीकडच्या रस्त्यावरून एक ॲम्ब्युलन्स गेली. मास्तरांना घेऊन गेलेली गाडी ही नव्हती, हे ठाऊक असूनही गाडी दिसेनाशी होईपर्यंत ती तिकडे बघत बसली.

त्यांची बस आली. ते डोळे पुसत उठले, तिनेही पिशवी उचलली.

"तुम्ही घरी पडून राहा," ती म्हणाली. "सकाळी मी ताईला घेऊन जाते."

"कुठे?" नाकवाल्यांनी विचारलं.